पुनर्वसन केंद्रातून भाऊ घरी आलाय. आम्ही काय करावं, काय करू नये?

अक्का | 3 मार्च, रात्री 11:20

नमस्कार. सहा-सात वर्षं इथं नुसती वाचत असते. लिहिलं असेल तर एकदा कडक भाकरीच्या धाग्यावर. आजचा विषय गल्लीत बोलायची सोय नाही, म्हणून इथं मांडतेय.

धाकटा भाऊ, वय 29. सहा वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. दिवाळीच्या आधी फार बिघडलं, दवाखान्यात ठेवावं लागलं आणि तिथून पुण्याकडच्या एका पुनर्वसन केंद्रात. साडेतीन महिने राहिला. मागच्या रविवारी त्याला हुतात्मा एक्सप्रेसनं घेऊन आले. गाडीत त्यानं स्वतःहून चहावाल्याला हाक मारली, पैसे दिले, उरलेले सुटे मोजून खिशात टाकले. दौंड ते कुर्डुवाडी मी खिडकीकडे तोंड करून बसले होते.

तिथं सकाळी सहाला घंटा. व्यायाम, नाश्ता, मग कामाची वाटणी. हा भाजी निवडायचा आणि बागेला पाणी घालायचा. दुपारी गटात बसून बोलणं, संध्याकाळी व्हॉलीबॉल, साडेनऊला दिवे बंद. घरी आल्यापासून दुपारी बारापर्यंत अंथरुणात. उठला की जेवतो, गॅलरीत बसतो, विडी ओढतो, परत आडवा होतो.

घर दोन खोल्यांचं, सोलापूरच्या पूर्व भागात. वडील नाहीत, मी शाळेवर. आई दिवसभर उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळते आणि डोळे याच्यावर. न्हाणीत दहा मिनिटं झाली की दार वाजवते. गोळी घेतली की तोंड उघडून दाखवायला लावते. परवा त्यानं ताट सरकवलं आणि जरा मोठ्या आवाजात म्हणाला, भाजी खारट आहे. आईचा मला शाळेत फोन, "सुरू झालं बघ." संध्याकाळी मी ती भाजी खाल्ली. खारट होती.

निघताना केंद्रानं हातात एक पान दिलं. औषधांची नावं आणि खाली "नियमित फॉलोअप". कुणाकडे, कधी, बिघडायला लागलं तर काय, त्यावर एक ओळ नाही.

अजून एक लाज वाटण्यासारखी गोष्ट. गेल्या वर्षी तो गोळ्या घेईना तेव्हा आई चहातून द्यायची. मला माहीत होतं. आता आई म्हणते, परत तसंच सुरू करू, निदान खात्री तरी.

ज्यांच्या घरी कुणी असं राहून परत आलंय, किंवा जे स्वतः आलेत, त्यांनी सांगा. कशानं फरक पडला? कशानं वाट लागली?

शेंगाचटणी | 3 मार्च, रात्री 11:48

भाजी खारट होती हे तुम्ही खाऊन बघितलंत, अर्धं काम तिथंच झालं. बाकी जाणकार सांगतील. वाचतोय.

कंबरतलाव_सकाळी_सहा | 4 मार्च, सकाळी 6:55

मी "स्वतः आलेत"मधला. बायपोलर, म्हणजे मन कधी अति तेजीत, कधी पार मंदीत. दोनदा दाखल झालो, दुसऱ्यांदा दोन महिने. त्याला आता आठ वर्षं झाली. जुळे सोलापुरात राहतो, नोकरी करतो, गोळ्या चालू आहेत.

तुमच्या भावाचा आजार वेगळा, औषधं वेगळी. पण दारातून आत आल्यावर जे होतं ते सारखंच असावं. आत असताना तुमचा दिवस कुणीतरी दुसरं ढकलत असतं. उठ म्हणतात, उठता. जेव म्हणतात, जेवता. कंटाळा येतो, राग येतो, पण ढकलणारा हात असतो. घरी आलं की तो हात जातो आणि सकाळ अशी समोर पसरलेली असते, रंगभवनच्या मोकळ्या मैदानासारखी. कुठून सुरुवात करायची कळत नाही. लोकांना वाटतं आळस.

माझी वाट लावणाऱ्या गोष्टी सांगतो. मोबाइल काढून घेतला होता. एटीएम कार्ड भावानं ठेवून घेतलं, "तुझ्याच भल्यासाठी". तेजीत असताना मी पैसे उधळले होते, त्यामुळे सुरुवातीला ठीक होतं. पण दीड वर्ष? दाढीच्या ब्लेडसाठी पैसे मागायचे. पाहुणे आले की आवाज बारीक व्हायचे, आणि मी खोलीत शिरलो की एकदम मोठे, "काय म्हणतोस, बरायस ना?" हे बरायस ना मी दिवसातून चौदा वेळा मोजलंय. हसलो तर "जास्त हसतोय", गप्प बसलो तर "गप्प आहे". साधा राग यायचीही चोरी.

आणि पाणी! आमच्याकडे तेव्हा पाचव्या दिवशी नळ यायचा, तोही रात्री दोन-अडीचला. घरातला तरुण गडी म्हणून मला उठवायचे. माझ्या आजारात झोप मोडली की गाडी घसरते, हे डॉक्टरांनी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, पण पाण्यापुढे कोण ऐकतो. दुसऱ्यांदा दाखल व्हायच्या आधीचे तीन आठवडे मी तेच करत होतो, रात्री पाणी भरून मग जागाच राहायचं. शेवटी वडिलांनी मोठी टाकी घेतली, मोटरीला टायमर लावला. माझ्या उपचारांतला मोठा खर्च तो.

कामी आलं ते असं: रोज सकाळी सहाला कंबर तलावाला फेरी. एक शाळेतला मित्र यायचा. आजाराबद्दल त्यानं एकदाही विचारलं नाही. फक्त क्रिकेट आणि त्याच्या बॉसला शिव्या. त्याला कल्पना नसेल त्यानं काय केलं.

उन्हाळा तोंडावर आहे म्हणून लिथियमवाल्यांसाठी (माझ्या आजारातलं औषध) एक: आपल्याकडे पारा चाळीसच्या वर गेला की घाम आणि मीठ दोन्ही जातं, आणि रक्तात लिथियम वाढतं. हात जास्त थरथरायला लागले, उलट्या-जुलाब झाले, तोल जायला लागला तर घरी बसू नका, डॉक्टरांना गाठून रक्त तपासा. अंगदुखीवर मेडिकलमधून मनानं गोळ्या घेऊ नका. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशांनी पातळी चढते. मला हे एका मे महिन्यात सलाइन लावून शिकावं लागलं.

बाराबंदी | 4 मार्च, सकाळी 9:30

अक्का, राग मानू नका. एवढ्या गोळ्यांनी माणूस मठ्ठ होतो बगा. आमच्या चुलत्याला गाणगापूरला नेलं, पाच पौर्णिमा केल्या, फरक पडला. अक्कलकोट तर जवळच हाय. श्रद्धा ठेवून बगायला काय जातंय?

शेंगाचटणी | 4 मार्च, सकाळी 9:41

आला श्रावण.

कंबरतलाव_सकाळी_सहा | 4 मार्च, सकाळी 10:15

बाराबंदी, मी दर गुरुवारी अक्कलकोटला जातो. खिशात गोळ्यांची डबी असते. स्वामींनी आजवर हरकत घेतलेली नाही.

केसपेपर | 4 मार्च, दुपारी 3:05

मी मनोविकार विभागात समाजसेविका म्हणून बरीच वर्षं काम केलंय, आता निवृत्त. सोलापुरात नव्हते, पण सोलापूर जिल्ह्यातून येणारी घरं पुष्कळ पाहिली. लांब लिहिते, चालवून घ्या.

अक्का, पहिला प्रश्न. त्या पानावर क्लोझापिन आहे का? स्किझोफ्रेनियावरचं औषध आहे ते. तुम्ही गॅलरीतली विडी लिहिलीत तिथं मी थबकले. केंद्रात धूम्रपान बंद असणार. क्लोझापिनचा डोस तिथं ठरला, म्हणजे विडी नसलेल्या शरीरासाठी ठरला. विडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृत हे औषध जास्त वेगानं निकाली काढतं आणि रक्तातलं प्रमाण बरंच खाली येतं. गोळी तीच, वेळेवर घेतलेली, तरी कमी पडते. मग घरचे म्हणतात, गोळ्या थुंकत असणार. ओलान्झापिन या दुसऱ्या औषधाचंही थोड्याफार फरकानं तसंच. हा धुराचा परिणाम आहे, निकोटिनचा नाही, त्यामुळे मावा खाणाऱ्याला तो लागू नाही (मावा खा असं म्हणत नाहीये!). उलट बाजूही लक्षात ठेवा, ओढणारा माणूस एकदम सोडतो तेव्हा औषध अंगात वाढतं. दोन्ही वेळा डॉक्टरांना सांगायचं, डोस आपण हलवायचा नाही.

क्लोझापिन असेल तर आणखी दोन गोष्टी. सुरुवातीचे 18 आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशींची तपासणी असते, पुढे अंतर वाढतं. मधे ताप आला, घसा दुखला तर क्रोसिन देऊन वाट बघू नका, त्याच दिवशी रक्त तपासायचं. आणि दोन दिवसांपेक्षा जास्त गोळी चुकली तर "आजपासून परत पूर्ण डोस" करायचं नाही. पुन्हा थोड्यापासून चढवत न्यावं लागतं, ते डॉक्टरच करतील. बद्धकोष्ठताही हसण्यावारी नेऊ नका, या औषधात ती जिवावर बेतू शकते.

दुपारी बारापर्यंत झोप: काही औषधाची गुंगी, काही आजाराचाच भाग. आवाज ऐकू येणं, संशय हे औषधानं लवकर आटोक्यात येतं. उत्साह आटलेला असतो, तो परत यायला फार वेळ लागतो. त्याला आळशी म्हटलं की दोन्ही बाजूंनी मार.

आता चहा. हे मी चिडून लिहीत नाही. लपवून गोळी देणाऱ्या आया मी शेकडो पाहिल्यात, आणि त्यांतली एकही दुष्ट नव्हती. पण एक दिवस त्याला कळतं. ज्याला आधीच वाटत असतं की आपल्या अन्नात कुणीतरी काहीतरी घालतंय, त्याच्या अन्नात खरंच काहीतरी घातलेलं निघतं! मग तो संशय कुठल्या तोंडानं खोडून काढणार? शिवाय डोस किती गेला हे कळत नाही, आणि डॉक्टर समजतात माणूस स्वतः घेतोय. गोळी नको असेल तर का नको ते विचारा. झोप, लाळ, वजन, काहीतरी असतं, आणि बहुतेक वेळा त्यावर इलाज असतो. अगदीच जमत नसेल तर काही आठवड्यांनी एकदा घ्यायची इंजेक्शनं असतात. क्लोझापिनचं तसं मिळत नाही, इतर काही औषधांची मिळतात. ते त्याच्याशी बोलून ठरवायचं.

पान एकच मिळालं, यावर. मानसिक आरोग्य कायदा 2017 चा, लागू झाला 29 मे 2018 ला. त्याच्या कलम 98 मध्ये लिहिलंय की रुग्णाला घरी सोडताना त्याच्याशी, घरच्यांशी आणि पुढे उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून पुढची आखणी करायची. कलम 25 प्रमाणे आपली कागदपत्रं मागायचा हक्क त्याला स्वतःला आहे. भांडायला जाऊ नका, फोन करा: सविस्तर सारांश पाठवा, शेवटचे रक्ताचे रिपोर्ट पाठवा, विडी बंद असताना डोस ठरला होता का ते लिहून द्या. मग सोलापुरातला एक डॉक्टर पक्का करा, खासगी नाहीतर सिव्हिलचा मानसोपचार विभाग, पण एकच. पहिली भेट याच आठवड्यात.

घाई का, तेही सांगते. घरी आल्यानंतरचा पहिला आठवडा आणि पहिले तीन महिने हा जीव नकोसा होण्याचा सगळ्यात नाजूक काळ असतो. घरच्यांना उलट वाटतं, सुटलो एकदाचे. त्याला सरळ विचारा, मरून जावंसं वाटतं का. विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरत नाही, मनात असला तर बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, गोळ्यांचा साठा तुमच्याजवळ ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 आहे, मराठीतून बोलतात.

अक्का | 4 मार्च, रात्री 9:50

केसपेपर ताई, पानावर क्लोझापिनच आहे. वाचून हात गार पडले.

दिवसाला दहा-बारा विड्या होतात. विकत आणतच नाही तो, आईच्या सुपातून उचलतो. घरात तंबाखूचं पोतं, कोपऱ्यात पानं भिजत घातलेली, आणि आम्ही विचार करतोय की गोळी कमी का पडतेय. परवापासून तो पंखा बंद करायला लागलाय, उकाडा असून. दाखल व्हायच्या आधीही हेच करायचा. पंख्यातून बोलतात म्हणायचा.

आईला सांगितलं तर म्हणाली, मग मी काय विड्या वळायच्या सोडू? घर त्याच्यावर चाललंय. खरंय तेही.

उद्या हाफ डे टाकलाय, डॉक्टरांकडे नेते.

रातपाळी | 5 मार्च, रात्री 1:35

हा धागा दोनदा वाचला. सगळं बरोबर आहे, आणि तरी मला राग आलाय.

माझा मुलगा 34 वर्षांचा. चार वेळा दाखल झाला. चारही वेळा आम्ही सगळं "बरोबर" केलं. रक्त, गोळ्या, फिरायला नेणं, टोमणे न मारणं. तरी उलटलं. काहींचं उलटतं. अक्काच्या आईवर तुम्ही सगळे बसलात, ती दार वाजवते म्हणून. तिनं एकदा दार वाजवलं नसेल आणि आत काय झालं असेल, हे तुम्हाला माहीत आहे का? माझ्या घरी झालंय. वेळेत सापडला म्हणून आज आहे. मी आजही दार वाजवते. दहा नाही, सात मिनिटांनी.

केंद्रात तिघी आळीपाळीनं ड्यूटी करतात, आठ-आठ तास. घरी एकटी आई चोवीस तास. तिची ड्यूटी कोण बदलणार? ते लिहा कुणीतरी.

केसपेपर | 5 मार्च, सकाळी 8:20

रातपाळी, तुमचं बरोबर आहे, आणि मी ते लिहायला हवं होतं.

1970 च्या दशकात लंडनमध्ये यावर काम झालंय. दवाखान्यातून परतलेल्यांपैकी कुणाचा आजार लवकर उलटतो, हे बघताना घरचे रुग्णाबद्दल कसं बोलतात ते मोजलं. टोमणे, राग, अति काळजी, यांतलं काहीही जास्त असलेल्या घरांत उलटण्याचं प्रमाण जास्त निघालं. अशा घरात आठवड्याला 35 तासांहून जास्त समोरासमोर जात असतील तर आणखी जास्त. पुढे चंडीगडला तसाच अभ्यास झाला, तिथल्या घरांत टीकेचं प्रमाण लंडनपेक्षा खूपच कमी सापडलं. म्हणजे आपल्या आया जगातल्या सगळ्यात वाईट पहारेकरी आहेत, असं मुळीच नाही.

मला त्यातला 35 चा आकडा फार उपयोगी पडायचा. मी घरच्यांना म्हणायचे, स्वभाव बदला असं मी सांगत नाही, तो कुणाचा बदलत नाही. तास कमी करा. दोन खोल्यांच्या घरात आई आणि मुलगा दिवसभर एकमेकांच्या समोर. तो दोन तास बाहेर गेला तरी दोघांची सुट्टी होते. आईला दुपारी कुठंतरी जाऊन बसू द्या, बहिणीकडे, भजनाला, कुठंही.

आणि दार वाजवण्याबद्दल त्याच्याशीच ठरवता येतं. "पंधरा मिनिटांनी मी हाक मारेन, तू नुसतं हूं म्हण." आमच्याकडे एका घरात ते हूंवर चाललं, कितीतरी वर्षं.

विजापूर_रोड | 5 मार्च, दुपारी 12:10

एक सुचवू का? चांगली गरीब घरातली मुलगी बघून लग्न लावून द्या. जबाबदारी पडली की ठिकाणावर येतो माणूस.

शेंगाचटणी | 5 मार्च, दुपारी 12:13

याचीच वाट बघत होतो. दीड दिवस लागला.

घटस्फोट_झालाय_विचारू_नका | 5 मार्च, दुपारी 1:40

मी ती "गरीब घरातली मुलगी" होते. मला सांगितलं होतं, पित्ताच्या गोळ्या आहेत. लग्नानंतर नवऱ्यानं गोळ्या बंद केल्या, कारण बायकोसमोर घ्यायच्या कशा. चौथ्या महिन्यात दवाखाना. त्याची चूक नव्हती, तोही फसवलाच गेला होता. आजार लपवून केलेलं लग्न हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 खाली कोर्ट रद्द ठरवू शकतं, आमचं प्रकरण त्याच वाटेनं गेलं. ज्याला लग्न करायचंय त्यानं करावं, सगळं सांगून. पण इलाज म्हणून बायको देऊ नका हो.

संपादक मंडळ | 5 मार्च, दुपारी 2:00

वरच्या एका प्रतिसादातून डॉक्टरांचं नाव आणि केंद्राचा पत्ता काढला आहे. माणूस ओळखू येईल असं काही लिहू नये, ही विनंती.

मागावरचा | 6 मार्च, रात्री 10:30

आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे अक्कलकोट रोडला. वडिलांच्या काळात माग होते, आता शिलाई, घडी आणि पॅकिंग जास्त. मी शहाणपणा सांगायला आलो नाही, एक अनुभव सांगतो.

आमच्याकडे एकाला घेतलं होतं, असाच राहून आलेला. पहिल्याच दिवशी मी चूक केली. आठ तासांची पाळी दिली आणि सगळ्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "जरा सांभाळून घ्या रे, त्याला त्रास होता." मला वाटलं मी फार चांगला माणूस आहे. चौथ्या दिवशी पोरं त्याला "शॉक" म्हणायला लागली. आठव्या दिवशी तो आलाच नाही.

तीन महिन्यांनी त्याची बहीण घेऊन आली (बहिणीच असतात का सगळीकडे?). यावेळी दोन तास. संध्याकाळी चार ते सहा, कारण सकाळी त्याला गुंगी असायची. काम एकच, घडी घातलेले टॉवेल बारा-बाराचे लावून पट्टी गुंडाळायची. यावेळी कुणाला काही सांगितलं नाही. जॉबरला (आमचा मुकादम) तेवढं बजावलं, काम चुकलं तर इतरांना जसा बोलतोस तसाच बोल, कमी नाही, जास्त नाही. पैसे तासावर, शनिवारी सगळ्यांबरोबर रांगेत.

पहिले दोन आठवडे गठ्ठ्यात कधी अकरा, कधी तेरा. मी बघितलं तर तो सातपर्यंत मोजायचा आणि कुठंतरी हरवायचा, परत एकपासून. मग त्यानंच काढलं, सहा-सहाच्या दोन थप्प्या करायच्या आणि उंची जुळवायची. मोजणंच नको. आता आमच्याकडे सगळेच तसं करतात, पटापट होतं. आज तो पाच तास काम करतो. आठ तास करत नाही आणि मी म्हणतही नाही. मधे एकदा वीस दिवस आला नाही. जागा ठेवली होती.

अक्का, कारखाना पूर्व भागापासून लांब नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पिवळं_कार्ड | 7 मार्च, सकाळी 11:00

कागदाचं बोलतो. अपंग हक्क कायदा 2016 मध्ये मानसिक आजार धरलेला आहे. सरकारी मेडिकल बोर्ड तपासून टक्केवारी देतं, 40 टक्के किंवा जास्त असेल तर बऱ्याच सवलतींचा रस्ता उघडतो. अर्ज ऑनलाइन, कार्ड यूडीआयडीचं, म्हणजे अपंगांचं ओळखपत्र. उपचारांचे जुने कागद सगळे जोडा, आजार किती वर्षं आहे तेही धरतात. इन्कम टॅक्स भरत असाल, अक्का, तर अपंग नातेवाइकाला सांभाळणाऱ्यांना 75,000 ची वजावट मिळते (1961 च्या कायद्यात कलम 80 डीडी), 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000, पण जुन्या करपद्धतीतच. आरोग्य विमा असेल आणि कंपनी मानसिक आजार म्हणून नाही म्हणत असेल तर 2017 च्या त्याच कायद्याचं कलम 21 दाखवा. शारीरिक आजारासारखीच सोय द्यावी लागते.

भावाला कार्ड हवंय का, हे आधी त्याला विचारा. माझ्या बहिणीनं दोन वर्षं नाही म्हटलं होतं.

हुतात्मा_अपडाऊन | 7 मार्च, रात्री 8:15

कामानिमित्त पुण्याला असतो. तिथं स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, डॉ. जगन्नाथ वाणींनी 1997 साली सुरू केलेली. घरच्यांचे गट असतात. मी दोन सभांना बसलो, काकांमुळे. तिथं एक आजोबा म्हणाले की त्यांना मुलाच्या आजारापेक्षा "आता काही नवीन?" हा पाहुण्यांचा प्रश्न जास्त थकवतो. सगळे हसले. मला आधी कळलंच नाही हसायचं काय. सोलापुरात असं चार घरांनी महिन्यातून एकदा बसायला काय हरकत आहे? जागेचा प्रश्न असेल तर माझ्या घराची गच्ची मोकळी आहे.

रातपाळी | 7 मार्च, रात्री 11:55

गच्ची कुठं आहे?

हुतात्मा_अपडाऊन | 8 मार्च, सकाळी 7:10

सात रस्त्याजवळ. व्यनि केलाय.

बाराबंदी | 8 मार्च, सकाळी 9:00

मी बी येतो. चुलत्याचं पुढचं लिहिलं नव्हतं. पाच पौर्णिमा झाल्यावर सहा महिने बरा होता, मग परत तेच. आता घरातनं बाहेर पडत नाय. गोळ्या कधी चालू केल्याच नव्हत्या.

अक्का | 29 मार्च, रात्री 10:05

उशीर झाला, परीक्षांचे दिवस.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, विडीचं सगळं विचारलं आणि डोस बदलला. सकाळची गोळी रात्रीत मिळवली. आता दहाला उठतो. पंखा चालू आहे. विड्या बंद झालेल्या नाहीत, दिवसाला ठरलेल्या पाच आणि त्या त्याच्या त्यानं मोजायच्या, असं डॉक्टर, तो आणि आई यांच्यात ठरलं. आई आता रोज पाच विड्या वेगळ्या दोऱ्यात बांधून ठेवते. हे बघून हसावं की रडावं कळत नाही.

चहाचं मी त्याला सांगितलं. गेल्या वर्षीचं. आधी सांगणार नव्हते. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मला माहीत होतं, चहा कडू लागायचा." दोन दिवस आईशी बोलला नाही. आई म्हणाली, बघ, बिघडला. मी म्हटलं, अम्मा, तो चिडलाय. चिडायचं कारण आहे. तिसऱ्या दिवशी स्वतःहून चहा मागितला. कप नाकाशी नेऊन वास घेतला, आणि प्यायला. अजूनही वास घेतो. आईही ते बघते आणि काही बोलत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून बिघडायच्या आधीच्या खुणा त्यानं स्वतः लिहिल्या, वहीच्या पानावर. मला वाटलं पंखा पहिला असेल. पंखा चौथा होता. पहिली खूण: "चपला बाहेर ठेवत नाही, आत गादीखाली ठेवतो." आम्ही सहा वर्षांत चपलांकडे बघितलंच नव्हतं. आई म्हणाली, मला आठवतंय, मी ओरडायचे गादीला माती लागते म्हणून. पान आता पिठाच्या डब्यामागं चिकटवलंय, पाहुण्यांना दिसू नये म्हणून.

मागावरचा दादा, तुमच्याकडे आठ दिवस झाले, तुम्हाला माहीतच आहे. सहा-सहाच्या थप्प्यांना तो घरी हसत होता, म्हणाला "ज्यानं काढलं तो हुशार आहे." मी सांगितलं नाही मला कोण ते ठाऊक आहे म्हणून. काल चार तास थांबायला सांगितलं तर नको म्हणाला. आईला वाईट वाटलं, मला बरं वाटलं.

रातपाळी ताई, आई परवा गच्चीवर आली होती, तुमच्या शेजारीच बसली होती. घरी येऊन मला फक्त एवढंच म्हणाली, "त्या बाई सात मिनिटांनी वाजवतात."

रातपाळी | 29 मार्च, रात्री 11:40

त्या होत्या का! डाळिंबी साडी? मला विडीच्या पानांचा वास आला होता. पुढच्या वेळी डबा मी आणते, सांगा त्यांना.

कंबरतलाव_सकाळी_सहा | 30 मार्च, सकाळी 6:50

भावाला सकाळी फिरायला जमत नसेल तर संध्याकाळी सहानंतर मीही मोकळा असतो. क्रिकेट चालेल ना त्याला? आयपीएल सुरू आहे. आजाराचं काही विचारणार नाही.

अक्का | 30 मार्च, रात्री 9:15

चालेल. धोनीवर मात्र वाद घालू नका, तिथं तो खरंच बिघडतो.

उद्या पहाटे तीनला पाणी आहे. कुणी उठायचं यावरून आत्ता घरात जोरात चाललंय. तो म्हणतो मी उठणार, मी म्हणते तू झोप, आई म्हणते दोघंही झोपा, मी जागीच असते. जाते, आवाज वाढलेत.